समुपदेशनाला येण्याआधी : मंडळीतल्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पहिल्यांदा फोन करणारे बरेचजण आधी खुलासा देतात. ‘रोज बायबल वाचतो, उपासना चुकवत नाही, तरी असं का होतंय कळत नाही.’ असा खुलासा द्यायची गरज नाही. झोप उडाली, छातीत धडधडतं, पोरांवर विनाकारण खेकसायला होतं, यावरून कोणाचा विश्वास किती हे आम्ही मोजत नाही. कोणी मोजायला लागलं, तर त्याला बायबलमधलं 1 राजे 19 वाचायला सांगा. कर्मेल डोंगरावरच्या विजयापाठोपाठ संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली जाऊन बसला आणि ‘आता मला मरण दे’ म्हणाला. देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाशी बोलणं झालं ते पुढे, चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर. आमच्या पहिल्या भेटीत झोप, जेवण आणि चालू औषधं यांचीच चौकशी आधी होते. काहींना वाटतं, आपण चुकून दवाखान्यात आलो.

पाळकसाहेब आहेत, मग तुम्ही कशाला?

प्रश्न रास्त आहे. पाळकसाहेब किंवा फादर तुमच्या घराला ओळखतात. बाप्तिस्मा त्यांनी दिलेला असतो, मातीलाही तेच येतात. पण नेमकी तीच अडचण होते. नवरा पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर असेल, तर बायकोने पाळकसाहेबांपुढे किती मोकळं व्हायचं? दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. ‘अमक्यांच्या घरासाठी जरा प्रार्थना करा हं’ एवढं एक वाक्य बुधवारच्या प्रार्थनासभेत पडलं, की रविवारपर्यंत अख्ख्या मंडळीला घरातली भांडी किती वाजली ते कळलेलं असतं.

म्हणून आमचा नियम : तुम्ही इथे येता हे आम्ही तुमच्या पाळकांना, सासूबाईंना, धाडणाऱ्या नातेवाइकालाही सांगत नाही. चर्चमध्ये भेट झाली तर तुम्ही ओळख दाखवल्याशिवाय आम्ही दाखवत नाही. याला अपवाद आहेत, ते आधीच सांगून ठेवतो. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर घरातल्या एका माणसाला किंवा डॉक्टरांना कळवावं लागतं. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांत कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. तिथे नात्याची, हुद्द्याची किंवा झग्याची भीड चालत नाही. कॅथलिक कुटुंबांसाठी एवढंच, की समुपदेशन म्हणजे पापनिवेदन नाही. धर्मगुरू तिथे ऐकलेलं कधीही, कोणालाही सांगू शकत नाहीत. आमचं तसं नाही, वरचे अपवाद आहेत.

नवरा-बायको एकत्र येतात तेव्हा

आमच्याकडची निम्मी भांडणं कशावरून सुरू झाली हे दोघांनाही आठवत नसतं. त्यामुळे ‘चूक कोणाची’ या वादात आम्ही पंच होत नाही. एक साधा सराव करून घेतो. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकलेलं परत सांगायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात असं होतं :

ती म्हणते, ‘रविवारी उपासनेहून आलो की तू आईंजवळ गप्पा मारत बसतोस, मी एकटी स्वयंपाकघरात असते.’

तो परत सांगतो, ‘म्हणजे तुला माझी आई नकोय.’

इथे आम्ही थांबवतो. ती आईबद्दल अवाक्षर बोललेली नाही. ती ‘एकटी’ म्हणाली. तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा आईवरच घसरतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कधीतरी म्हणतो, ‘तुला त्या वेळी मी सोबत हवा असतो.’ मग पाळी त्याची, आणि तिचंही तसंच होतं. पुढची भेट होईपर्यंत घरी आठवड्यातून दोनदा हा सराव करायचा असतो, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. जी जोडपी घरी करतात त्यांना फरक जाणवतो. जी फक्त आमच्यासमोर करतात त्यांना फारसा जाणवत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

प्रार्थना करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. दोघांची इच्छा असेल तर भेटीच्या शेवटी छोटी प्रार्थना होते. मात्र ‘प्रभू, हिला सुबुद्धी दे’ या थाटाची प्रार्थना चालत नाही. तो टोमणाच असतो, फक्त डोळे मिटलेले असतात.

मारहाण होत असेल तर

इथे आमची भूमिका वेगळी आणि ठाम आहे. मारहाण, जिवाची धमकी, कोंडून ठेवणं, पगार काढून घेणं असं चालू असताना आम्ही दोघांना समोरासमोर बसवत नाही. समोर बसून ती खरं बोलली, तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. अशा वेळी तिला एकटीला भेटतो आणि पहिला विषय तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा असतो. महिला हेल्पलाइन 181 आहे, तातडीला 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण कोणत्याही धर्माच्या बाईला मिळतं आणि त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही.

‘पत्नींनो, पतीच्या अधीन असा’ हे इफिसकरांस पत्रातलं वाक्य बायकांना तोंडपाठ असतं, कारण ते त्यांना ऐकवलेलं असतं. त्याच्या लगेच आधीच्या वचनात एकमेकांच्या अधीन असण्याबद्दल लिहिलं आहे, आणि तीन वचनं पुढे नवऱ्याने ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करावं असं आहे. ती दोन वचनं कोणी पाठ करायला लावत नाही. क्षमेचंही तसंच. साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं आहे, मार खायला परत जायला सांगितलेलं नाही. मनातून क्षमा करून माणूस वेगळ्या घरात राहू शकतो.

‘आपल्यात घटस्फोट नसतो’ हे जुन्या पिढीचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोट कायदा 1869 चा. 2001 च्या दुरुस्तीपर्यंत नवऱ्याला नुसता व्यभिचार दाखवून घटस्फोट मिळे, बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. परस्परसंमतीची वाट याच दुरुस्तीने उघडली. कॅथलिक असाल तर दिवाणी कोर्टाचा निकाल वेगळा आणि धर्मप्रांताच्या न्यायासनाचा, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कोर्टाचा, निर्णय वेगळा, हे ध्यानात ठेवा. कायद्याचा सल्ला आम्ही देत नाही, तो वकिलाकडूनच घ्या. घर मोडा किंवा जोडा, असंही आम्ही सांगत नाही.

उदासी, काळजी आणि गोळ्या

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास आहे, कशात रस वाटत नाही, भूक-झोप बिघडली आहे, तर डॉक्टरांना दाखवून घ्या. थायरॉइडचा त्रास किंवा बी-12 ची कमतरता असली तरी माणूस असाच मलूल होतो, तेव्हा रक्त तपासलेलं बरं. औषध डॉक्टर किंवा मनोविकारतज्ज्ञ देतात, आम्ही नाही. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. ‘कशाविषयीही चिंता करू नका’ हे वचन पाठवून कोणी गोळ्या सोडायला सांगत असेल, तर त्याला स्वतःच्या बीपीच्या गोळीबद्दल विचारा.

आमचं काम गोळ्यांच्या जोडीचं आहे. काळजीचा विचार आला की वहीत लिहायचा, त्याला पुरावा काय ते लिहायचं, आणि हेच मैत्रिणीने सांगितलं असतं तर आपण काय म्हटलं असतं ते लिहायचं. ज्यांना लिहवत नाही, त्यांच्याबरोबर आम्ही स्तोत्रं वाचतो, पण धीर देणारं 23 वं नाही. 13 वं वाचतो : ‘किती काळ?’ हाच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. कधी 88 वं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं. देवापुढे अशी तक्रार चालते, हे कळल्यावर काहींना पहिल्यांदा रडू येतं.

मरून जावंसं वाटत असेल तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. टेलि-मानस 14416 हा सरकारी फोन चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

दुःख आणि दारू

घरातलं माणूस गेल्यावरचा पहिला नाताळ फार जड जातो. ‘देवाने नेलं, रडू नका’ म्हणणाऱ्यांना सांगा, मेलेल्या लाजराला उठवायचं ठरलेलं असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला होता. वर्ष झालं तरी सावरलो नाही म्हणून लाज वाटायचं कारण नाही.

दारूचं वेगळं आहे. रोज पिणाऱ्याने उपवास-प्रार्थना धरून एका रात्रीत दारू बंद केली, तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा, सोबत आम्ही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात. तो येत नसला तरी तुम्ही जा.

भेट ठरवताना

एक भेट 50 मिनिटांची, साधारण आठवड्यातून एकदा. चार भेटींनंतर उपयोग होतोय का हे तुम्ही आणि आम्ही बसून पाहायचं. होत नसेल तर दुसऱ्याचं नाव आम्हीच सुचवतो. आखातात किंवा जहाजावर असलेल्यांसाठी व्हिडिओवर भेट होते, फक्त दार लावून बसता येईल अशी जागा बघा. आमचं शिक्षण काय, हे विचारायला संकोचू नका. समुपदेशक अशी पाटी कोणीही लावतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासता येते. फी पहिल्या फोनवरच सांगतो. परवडत नसेल तर त्याच फोनवर सांगा, कमी करता येते. त्यासाठी पाळकांची चिठ्ठी लागत नाही.

येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा. लहान मुलांना शक्यतो आणू नका. बाहेर बसायला जागा आहे, पण भिंती पातळ आहेत. येणं जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कोणाला देता येते.