रिपीटर चारच का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात असो की निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, नेटवर्कची वायर लांबवायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो : ‘सिग्नल कमजोर होतोय, मध्ये बूस्टर टाका.’ हे अर्धंच खरं आहे. तारेत सिग्नल क्षीण होतो, पण जुन्या इथरनेटला, म्हणजे कॉम्प्युटर तारेनं जोडायच्या पद्धतीला, शेवटी अडवलं ते वेळेनं.

जाड कोअॅक्स केबलचा एक तुकडा 500 मीटरपर्यंत चाले, पातळ केबलचा 185 मीटर. त्यापुढे रिपीटर. तो आलेले बिट ओळखतो आणि नव्या जोमानं पुढे पाठवतो. तरीही नियम कडक होता : केबलचे तुकडे जास्तीत जास्त पाच, रिपीटर चार, आणि कॉम्प्युटर फक्त तीन तुकड्यांवर. उरलेले दोन नुसते अंतर कापायला. जाड केबलवर एकूण 2500 मीटर.

सिग्नल दर वेळी ताजा होतो, मग पाचवा रिपीटर का नको?

चिकोडी भागातल्या एखाद्या साखर कारखान्याचं आवार डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला उसाचा वजनकाटा, दुसऱ्या टोकाला हिशेबाचं ऑफिस, दोघांत एकच तार. काट्यावरच्या कॉम्प्युटरनं तार मोकळी पाहून बोलायला सुरुवात केली. त्याचा पहिला बिट ऑफिसात पोचायच्या क्षणभर आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही तार मोकळीच दिसली आणि तोही बोलू लागला. टक्कर झाली. ती कळते ऑफिसला आधी. काट्याला कळायला तो विस्कटलेला सिग्नल उलट प्रवास करून यावा लागतो. म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण फेरी. आणि ती बातमी येईपर्यंत काटा बोलत असलाच पाहिजे. आधीच गप्प झाला, तर आपलं पाकीट, म्हणजे एका दमात पाठवलेला माहितीचा गठ्ठा, नीट पोचलं असं तो समजतो.

म्हणून सर्वांत लहान पाकीट 64 बाइटचं, म्हणजे 512 बिटांचं ठरवलं. सेकंदाला 1 कोटी बिट या वेगानं ते पाठवायला 51.2 मायक्रोसेकंद लागतात. जाड केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या सुमारे 77 टक्के वेगानं धावतो, म्हणून 2500 मीटरच्या फेरीत नुसत्या तारेचे 22 मायक्रोसेकंदांच्या आसपास जातात. उरलेला बराच वेळ रिपीटर आणि कॉम्प्युटरला तारेशी जोडणारे ट्रान्सीव्हर खातात. शिवाय लागोपाठच्या दोन पाकिटांमधली 9.6 मायक्रोसेकंदांची मोकळी जागा प्रत्येक रिपीटरपाशी आणखी आकसू शकते. ती फार आकसली की पलीकडच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड दुसरं पाकीट चुकवतं.

हिशेब ओलांडला तर नेटवर्क बंद पडत नाही, हीच खरी अडचण. रात्री पिंग करून, म्हणजे छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का ते पाहा, सगळं ठीक. सकाळी गाड्यांची रांग लागली, दोन्हीकडून माहिती वाहू लागली की पाकिटं हरवतात. उशिरा कळलेल्या टकरीत कार्ड पाकीट पुन्हा पाठवत नाही. वरच्या थरातलं सॉफ्टवेअर बराच वेळ वाट पाहून पाठवतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा दोषालाच लिंबू-मिरची बांधली जाते किंवा सोन्याचा मुलामा दिलेला कनेक्टर विकला जातो. दोन्हींनी फेरीचा वेळ एक मायक्रोसेकंदही कमी होत नाही.

अर्थात प्रत्येक बिघाड वेळेचा नसतो. पातळ केबलच्या दोन्ही टोकांना 50 ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारं टोपण) हवा, नाहीतर सिग्नल टोकावरून परत फिरतो. सगळे कॉम्प्युटर बंद करून एखाद्या टी-जोडापाशी (कॉम्प्युटर केबलला जोडणाऱ्या T आकाराच्या जोडापाशी) केबलची मधली पिन आणि कवच यांच्यात मल्टिमीटर लावा. साधारण 25 ओहम आले तर ठीक. 50 आले तर एका बाजूचा टर्मिनेटर नाही किंवा तार तुटली आहे. टी थेट कार्डावरच बसवायचा, मध्ये वायरचा तुकडा घालायचा नाही.

अंतराची कोंडी फोडली ब्रिजनं. तो आधी पूर्ण पाकीट साठवून घेतो, तपासतो, पत्ता वाचतो आणि गरज असेल तरच पलीकडच्या तारेवर स्वतः नव्यानं पाठवतो. टक्कर अलीकडेच राहते, पलीकडे 51.2 चं घड्याळ पुन्हा शून्यापासून. ब्रिजचं वर्तुळ झालं तर पाकिटं फिरतच राहतात. त्यावर नेटवर्क तज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे जादा वाटा बंद ठेवून वर्तुळ तोडण्याचा उपाय काढला. आजचा स्विच म्हणजे अनेक तोंडांचा ब्रिजच. त्यात दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलता येत असल्यानं टक्करच होत नाही, आणि तांब्याच्या वायरची 100 मीटरची मर्यादा आता सिग्नलच्या ऱ्हासामुळे आणि गोंगाटामुळे उरते.

मात्र दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे काचेची तारच टाका. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये व्होल्टचा फरक असतो, आणि मे महिन्यातल्या वळवात जवळपास वीज पडली की तो क्षणात हजारोंवर जातो. तांब्याची तार तो थेट कार्डापर्यंत नेते; काच नेत नाही.