पंपिंग आणि मायक्रोआरएनए : थोडी पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडे इकोचा रिपोर्ट हातात आला की घरचे एकच विचारतात, ‘पंपिंग किती?’ म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं. अ‍ॅटॅकनंतर तिशीत आलेला आकडा हृदयाची दुरुस्ती होऊन पुन्हा चढेल का, याचं उत्तर काही जण मायक्रोआरएनएत शोधतायत.

१९९३ साली एका सूक्ष्म कृमीत पहिला मायक्रोआरएनए सापडला, तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०२४ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. लसीतला एमआरएनए वेगळा. तो प्रथिन बनवायचा निरोप नेतो. मायक्रोआरएनए हा आरएनएचा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा, तो असले निरोप अडवतो.

हृदयाच्या बाबतीत खरी जुंपली ती मिर-२१ या मायक्रोआरएनएवरून. २००८ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं, की ताण पडलेल्या हृदयाच्या तंतुपेशींत, म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशींत, तो वाढतो. उंदरांत तो रोखला की फायब्रोसिस, म्हणजे हृदयात तंतू साचणं, कमी होतं. दोनच वर्षांत अमेरिकेतल्या गटाने जन्मतःच मिर-२१ नसलेले उंदीर घेतले. त्यांचंही हृदय तसंच जाड झालं, तसंच चिवट झालं. आठ अक्षरांचं छोटं रोधक औषध देऊनही फरक नाही. पहिल्या गटाचं उत्तर आलं : तुमचं रोधकच तोकडं, लांब रेणू वापरा. मला यात तथ्य वाटतं. जन्मापासून जे नाही, त्यावाचून शरीर चालवून घेतं. आजारपणात ते अचानक रोखणं ही वेगळी गोष्ट. २०२० मध्ये डुकरांतही मिर-२१ रोखल्याचा फायदा दिसला.

पण घोळ ‘दुरुस्ती’ या शब्दातही आहे. अ‍ॅटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी पडणारा व्रण हीसुद्धा दुरुस्तीच. तो धरला नाही तर भिंत फाटते. बीपीने हृदयभर पसरणारं तंतूंचं जाळं मात्र नुसतं नुकसान. दोन्हींना आपण फायब्रोसिसच म्हणतो.

नवा स्नायू उगवायचा मार्ग तर अजून अवघड. मिर-१९९ या दुसऱ्या मायक्रोआरएनएने उंदरांच्या हृदयपेशी पुन्हा विभागायला लागल्या, म्हणून २०१९ मध्ये डुकरांना तो विषाणूवाटे दिला. महिन्याभरात व्रण लहान झाला, पंपिंग सुधारलं. पुढे मात्र विभाजन आवरेना आणि बहुतेक डुकरं ठोके बिघडून अचानक मेली.

हृदयासाठी माणसांवरची पहिली चाचणी मिर-१३२ हा आणखी एक मायक्रोआरएनए रोखणाऱ्या औषधाची. २०२१ मध्ये छापून आलेल्या त्या चाचणीत रुग्ण २८. औषध सोसतं का, एवढंच मुख्यतः बघायचं होतं.