छोट्या कॅटमरानच्या तारा आणि सांगाडा : तपासणीमागची पार्श्वभूमी

कॅटमरान म्हणजे दोन हल (पाण्यावर तरंगणारी होडीची लांबट अंगे) शेजारी जोडून केलेली शिडाची होडी. छोट्या कॅटमरानची डोलकाठी बहुतेक वेळा तीन तारांवर उभी असते, दोन बाजूंना दोन आणि पुढे एक. मागून ओढणारी तार नसते. ते काम ताणलेले मोठे शीड आणि त्याचा दोर मिळून करतात. यातली एक तार सुटली की डोलकाठी आडवी. एका हलची होडी वाऱ्याच्या झोतात कलते आणि जोर थोडा सोडून देते. कॅटमरान रुंद असल्याने सहजासहजी कलत नाही, आणि तो सगळा झटका तारा, त्यांची टोके आणि दोन हल जोडणारे आडवे बीम झेलतात. तपासणीचे सगळे शास्त्र याच कारणाने वाढले.

दोन हलची बांधणी जुनीच. पॅसिफिक बेटांवर ती नारळाच्या काथ्याच्या दोरांनी बांधत. असा दोर झिजला की धागे सुटताना दिसायचे, आणि बांधणारा तिथेच तो बदलायचा. पुढे १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत एका अमेरिकन बांधकाराची कॅटमरान सगळ्यांच्या पुढे गेली आणि तिला स्पर्धेतून बाद करण्यात आले. तिचे दोन्ही हल गोलाकार सांध्यांनी असे जोडलेले होते की लाटेवर ते वेगवेगळे हलू शकत. आडव्या जोडणीने लवायचे की ताठ राहायचे, हा वाद तेव्हापासूनचा.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातून किनाऱ्यावरच्या छोट्या कॅटमरानची लाट आली आणि उत्तर मिळाले : ताठ. फायबरग्लासचे हल, ॲल्युमिनियमची चौकट, मध्ये बसायला ताणलेले ट्रॅम्पोलिनचे कापड, स्टेनलेसच्या तीन-चार मिलिमीटरच्या तारा. स्वस्त, हलकी, गाडीमागे ओढून नेता येणारी होडी. देखभालीच्या अंगाने मात्र एक गोष्ट बदलली, आणि ती फारशी कुणी नोंदवत नाही. नव्या साहित्यात बिघाड आत घडू लागला. लोखंडी तारेवरचे जस्त उडाले की ती गंजून ओरडून सांगायची. स्टेनलेस वरून चकचकीत राहते आणि आतून थकते.

त्यातच तारांवर प्लास्टिकचे आवरण चढवण्याची पद्धत रूढ झाली. बाजू मांडणाऱ्यांची कारणे पटण्याजोगी होती. शीड घासून फाटत नाही, हाताला तुटलेले धागे टोचत नाहीत, होडी नीटनेटकी दिसते. शिवाय खारे पाणी तारेला लागणारच नाही, असा समज. खरी गोम या शेवटच्या मुद्द्यात आहे. स्टेनलेसचे रक्षण तिच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा बारीक थर करतो, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. आवरणाच्या उघड्या टोकातून पाणी आत शिरते, वजनाने खाली उतरते आणि खालच्या फिटिंगपाशी, म्हणजे तारेच्या टोकावर बसवलेल्या धातूच्या नळीपाशी, साचते. तिथे हवा नाही, मीठ भरपूर. थर तुटतो, पोखरण सुरू होते, आणि वर पांढरे प्लास्टिक जसेच्या तसे. म्हणजे जिथे ताण सर्वाधिक, नेमकी तीच जागा झाकलेली.

खोल समुद्रातल्या शर्यतींच्या जागतिक नियमांनी जानेवारी १९९९ पासून डेकभोवतीच्या कठड्याच्या स्टेनलेस तारा बिनआवरणाच्या हव्यात, असे ठरवले. छोट्या कॅटमरानला हा नियम लागू नव्हता. तिला कठडाच नसतो. तरीही आवरण हवे की नको या वादाचा कौल त्याने लावला, असे माझे मत. आवरणवाली तार ‘पूर्ण तपासली’ असे म्हणताच येत नाही. फार तर तिची टोके पाहता येतात.

दुसरा ठोकताळा मोठ्या नौकांच्या विम्यातून आला : दहा वर्षांनी तारा बदला. छोट्या होडीला तो जसाच्या तसा लावणे मला ढिसाळ वाटते. मोठ्या नौकेची डोलकाठी वर्षानुवर्षे उभीच असते. इथे ती दर फेरीला उभी होते आणि झोपवली जाते. उभी करताना तारेचे टोक हलवरच्या, ते जिथे जोडतात त्या पट्टीत आडवे अडकले की फिटिंगच्या तोंडाशीच तार मुरडते. शिवाय चालू होडीत वारा येतो त्याच्या उलट बाजूची तार सैल पडून सतत फटकत असते. हे वर्षांच्या हिशेबात कुठेच येत नाही.

म्हणून सरावलेली माणसे डोळ्यांवर आणि हातांवर भर देतात. मऊ कापड किंवा टिश्यू तारेवरून ओढायचे. तुटलेला धागा असेल तर ते अडकते. एकही धागा तुटला असेल तर तार बाद, यावर दुमत नाही. दाबून बसवलेल्या फिटिंगला भिंग लावून बारीक उभी चीर शोधायची. फिटिंग केळ्यासारखे वाकले असेल किंवा तोंडाशी तपकिरी डाग असेल तर पुसून पुन्हा पाहायचे. डाग परत उमटला की आत काहीतरी चालू आहे.

सांगाड्याचे दुखणे वेगळे. ॲल्युमिनियमच्या बीममध्ये स्टेनलेसचे बोल्ट आणि रिव्हेट बसले की खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी, रंगाखाली फुगवटा ही त्याची खूण. जुनी परीक्षा सोपी आहे : गवतावर एका हलचे टोक उचलायचे. दुसरे लगेच उठले तर चौकट घट्ट. बरेच अंतर उचलेपर्यंत दुसरे जागचे हलले नाही तर बोल्ट ढिले, नाहीतर जोड झिजलेले.

१९८० च्या दशकात एक सांधा वाढला. धातूच्या डोलकाठ्या विजेच्या वाहिन्यांना लागून माणसे दगावली, म्हणून काही होड्यांच्या डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा झाला. निर्णय योग्यच होता. फक्त धातू आणि फायबर जिथे मिळतात ती जागा तेव्हापासून तपासणीत आली.

अलीकडे काही ठिकाणी पोलादी तारेऐवजी डायनीमासारखे कृत्रिम दोर आले आहेत. ते गंजत नाहीत, पण सतत ताणाखाली हळूहळू लांबतात, उन्हाने कमकुवत होतात आणि धारदार कडेवर घासले की झपाट्याने जातात. उन्हापासून जपायला त्यांच्यावर आवरण घालतात, आणि आतला दोर पाहायचा कसा, यावर पुन्हा तेच दोन तट पडले आहेत. काहीजण टोकापाशी आवरण सरकवता येईल असेच बसवतात, म्हणजे कडीभोवती वळलेला दोराचा भाग दर खेपेला उघडून पाहता येतो.