शेतकरी बाजार खरेदी-प्रोत्साहन योजना

अमेरिकेत सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबाने शेतकरी बाजारात केलेल्या खर्चाच्या प्रमाणात, बहुधा तेवढीच, जादा रक्कम फळे-भाज्यांसाठी देण्याची पद्धत. हे साहाय्य (‘स्नॅप’, पूर्वीचे फूड स्टँप) दरमहा डेबिट कार्डासारख्या ईबीटी कार्डावर जमा होते.

पहिली योजना कोणती, याविषयी एकमत नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाची ‘हेल्थ बक्स’ कुपने (२००५) सामान्यतः आद्य मानतात. मेरिलंडमधील टाकोमा पार्कचा क्रॉसरोड्स बाजार (२००७) ‘दुप्पट डॉलर’चे, म्हणजे खर्चाइतकीच जोड देण्याचे, श्रेय स्वतःकडे घेतो. हेल्थ बक्स आरंभी स्थानिक संस्थांमार्फत वाटली जात. स्नॅपच्या ५ डॉलर खर्चावर २ डॉलर, ही जोड नंतरची. म्हणजे ती दुप्पट नव्हती, आणि ‘दुप्पट’ हा निकष धरल्यास टाकोमा पार्कचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. तत्त्व मात्र जुनेच. १९३९ मध्ये रॉचेस्टर (न्यूयॉर्क) येथे सुरू झालेल्या पहिल्या फूड स्टँप योजनेत १ डॉलरच्या नारिंगी तिकिटांवर ५० सेंटची निळी तिकिटे फुकट मिळत आणि निळ्यांवर फक्त सरकारने अतिरिक्त ठरवलेला शेतमाल घेता येई. डेट्रॉइटच्या ‘डबल अप फूड बक्स’नंतर (२००९) अशा योजनांचा प्रसार झाला. २०१४ च्या कृषी कायद्याने त्यांना केंद्रीय निधी दिला. २०१८ च्या कायद्याने या निधीला माजी केंद्रीय कृषी अधिकारी गस शूमाकर यांचे नाव दिले.

फूड स्टँपची कागदी कुपने शेतकरी थेट घेई. कार्ड आल्यावर मोकळ्या मैदानात वीज व दूरध्वनीची तार नसल्याने त्याची अडचण झाली. त्यातून टोकन निघाले. ग्राहक बाजाराच्या मुख्य तंबूत कार्ड घासून पिन देतो. १० डॉलर काढल्यास १ डॉलरची १० लाकडी टोकने आणि निराळ्या रंगाची तेवढीच प्रोत्साहन-टोकने मिळतात. दिवसअखेर विक्रेते ती मोजून परत देतात व बाजार त्यांना चेक देतो.

चूक होते ती रंगांत. स्नॅप टोकनावर पाव, मध, अंडी, अगदी भाजीची रोपे व बियाणेही चालते (रोपे-बियाण्यांची मुभा फूड स्टँपच्या काळातली, १९७३ पासूनची). गरम तयार पदार्थ व फुले चालत नाहीत. प्रोत्साहन-टोकन फळे-भाज्यांपुरतेच. रंग जवळचे असले की घाईत मधवाला तेही घेतो आणि हिशेबात अडकतो. स्नॅप टोकनावर रोख सुटे देण्यास मनाई आहे, म्हणून ४ डॉलर ६० सेंटच्या टोमॅटोला पाच टोकने आली की जाणता विक्रेता वर दोन कांदे टाकतो. साध्या डेबिट कार्डासाठीही टोकने (सहसा ५ डॉलरची, सुटे चालणारी) ठेवली, तर टोकन हातात असणारा गरीबच, अशी ओळख उरत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०१७ पासून जादा रक्कम थेट कार्डावर परत जमा होते. टोकने लागत नाहीत, पण यंत्र प्रत्येक शेतकऱ्याकडे लागते.