प्लेटनचे आटे गेले तेव्हा

"दादा, बोल्ट नुस्ता फिरी ऱ्हायना," हेल्पर म्हणाला. बोल्ट नुसताच फिरत होता, आवळत नव्हता. जळगाव एमआयडीसीतलं आमचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणारं, आणि साचा बदलायचं काम. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या खाचांत काळपट राखाडी भुगा. म्हणजे प्लेटनच्या (साचा जिच्यावर बोल्टनं बांधतात त्या जाड पाटीच्या) बिडाचेच, ओतीव लोखंडाचेच आटे. पोलादी बोल्टला ओरखडाही नव्हता.

"जास्त आवळला" असं सगळे म्हणाले. मला ते पटलं नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि भोकाच्या तोंडाशी सर्वांत जास्त. म्हणून आटे भार सारखा वाटून घेत नाहीत. पहिला आटा एकटाच जवळपास तिसरा हिस्सा उचलतो, पुढचे कमी कमी. तो कापला गेला की भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. बिडात बोल्ट व्यासाच्या दीडपट तरी उतरावा. आमच्या एम १६ला, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला, २४ मिलिमीटर; दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, २ मिलिमीटर, म्हणून १२ आटे. साचा दाबून धरणाऱ्या आमच्या क्लॅम्पखाली वॉशरवर वॉशर चढले होते. बोल्ट जेमतेम पाच आट्यांवर लटकत होता.

वेल्डिंगनं भोक भरून पुन्हा टॅप मारायचा, म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार फिरवायचा मोह होतो. बिडावर तो करू नये. त्यात कार्बन भरपूर. वेल्डिंगशेजारचा भाग थंड होताना टणक होतो, तडकतो, आणि टॅप तिथेच मोडतो.

आम्ही हेलिकॉइल बसवलं, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. साडेसोळा मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक मोठं केलं, चुंबकी बैठकीचं ड्रिल वापरून, कारण भोक तिरकं गेलं तर सगळंच फसलं. मग हेलिकॉइलचा खास टॅप. बिडातलं ग्राफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं, त्यामुळे तेल न घालताही टॅप चालतो. फक्त भुगा हवेनं नीट उडवायचा. आत बसते ती स्टेनलेस तारेची स्प्रिंग. मोकळी असताना ती भोकापेक्षा जाड असते, म्हणून आत गेली की बाहेरच्या बाजूला दाबून घट्ट धरते. तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा: आतल्या धारेवर बोल्टचे आटे, बाहेरची धार बिडात. टोकाची शेपटी ठोकून तोडायची आणि चिमट्यानं काढून घ्यायची.

दुरुस्तीनंतर हे भोक मूळपेक्षा दणकट होतं. बिडातले नवे आटे सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासावर असतात, धरायला धातू जास्त मिळतो. शिवाय तार थोडी लवचीक, त्यामुळे पहिल्या आट्यावरचा भार पुढच्यांकडे सरकतो.

वॉशर काढले, लांब बोल्ट आणले. हेल्पर आता बोल्ट हातानं फिरवताना फेरे मोठ्यानं मोजतो. बारा झाले की मगच पाना मागतो.