श्रवणयंत्राची बिनतारी जोडणी

फोन, टीव्ही किंवा अन्य साधनातील आवाज तारेशिवाय थेट श्रवणयंत्रात आणण्याची सोय. ठाण्यातील घरांत श्रवणयंत्राला सहसा ‘कानाचे मशीन’ म्हणतात.

यंत्राचा मायक्रोफोन समोर येईल तो आवाज उचलतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या घरात टीव्हीवरचा संवाद कानापर्यंत येईतो त्यात पंखा, कुकरची शिट्टी आणि खालची वाहतूक मिसळते. टीव्ही मोठा केला की भिंतींवरून घुमणारा आवाजही तितकाच वाढतो, शिवाय घरातले वैतागतात. बिनतारी जोडणीत मधले अंतरच उरत नाही. वर आवाज त्या व्यक्तीच्या श्रवणदोषाला जुळवूनच कानात पडतो. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून तिथे दोन्ही कानांत बोलणे येणे फार मोलाचे असते.

सर्वांत जुना मार्ग टी-कॉइलचा. यंत्रातील तारेचे हे बारीक वेटोळे फोनच्या रिसीव्हरचे किंवा सभागृहात फिरवलेल्या तारेचे चुंबकीय क्षेत्र पकडते. जोडणीची खटपट नाही, पण विजेच्या तारांजवळ गुणगुण ऐकू येते. नेहमीचे ब्लूटूथ यंत्राच्या चिमुकल्या बॅटरीला झेपत नसे, त्यामुळे बरीच वर्षे गळ्यात वेगळा स्ट्रीमर, म्हणजे फोनचा आवाज घेऊन यंत्राला पोहोचवणारे उपकरण, अडकवावा लागे. २०१४च्या सुमारास आयफोनशी थेट जुळणारी यंत्रे आली. अँड्रॉइडमध्ये तशी सोय २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. तरीही प्रत्येक यंत्र प्रत्येक फोनशी जुळतेच असे नाही. खरेदीपूर्वी स्वतःचा फोन ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) नेऊन जोडून पाहावा.

टीव्हीचा आवाज यंत्रात पाठवण्यासाठी बहुधा वेगळी डबी लागते. ती हेडफोनच्या खाचेत लावल्यास अनेक संचांचे स्पीकर बंद पडतात आणि बाकीच्यांची मालिका बुडते. टीव्हीला ऑप्टिकल जोड, म्हणजे प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर देणारी खाच, असेल तर तोच वापरावा.

फोन कानात ऐकू येतो म्हणून खिशात ठेवू नये. पुष्कळ यंत्रांत आपले बोलणे फोनचाच मायक्रोफोन उचलतो. स्टेशन रोडवर चालताना यंत्राचा मायक्रोफोन बंद ठेवणे धोक्याचे, कारण मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या तंत्रात वीज कमी लागते. त्यातील ऑराकास्टमुळे एकाच प्रक्षेपकाचा आवाज कितीही श्रोत्यांच्या यंत्रांत पोहोचू शकतो, मात्र यंत्रात ती सोय हवी. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत नटाचा शब्द न् शब्द पोहोचवायला हा सोयीचा मार्ग ठरू शकतो.