लॉकडाऊनमुळे ओझोनचं भोक बुजलं? नाही हो!

२०२० च्या एप्रिलपासून एक फॉरवर्ड फिरतोय, की गाड्या-कारखाने बंद राहिले म्हणून आर्क्टिकवरचं, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचं, ओझोनचं भोक (ओझोनच्या थराचा खूप विरळ झालेला भाग) भरलं. ऐकायला छान आहे, पण तसं झालं नव्हतं.

मुळात भोक पडलं कसं ते बघा. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्यच नसतो, त्यामुळे वर स्ट्रॅटोस्फिअरमधली (वातावरणाच्या ज्या वरच्या थरात ओझोन असतो तिथली) हवा प्रचंड गार होते आणि तिच्याभोवती जोरदार वाऱ्यांचं कडं तयार होतं, हाच पोलर व्होर्टेक्स. उत्तरेत डोंगर नि जमिनीमुळे उठणाऱ्या हवेच्या लाटा हे कडं सारखं मोडतात म्हणून तिथे अंटार्क्टिकासारखं भोक सहसा पडत नाही, पण त्या वर्षी हे कडं भलतंच मजबूत राहिलं, आत तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, ढग बनले, त्या ढगांवर सीएफसी या माणसाने बनवलेल्या गॅसमधून आलेला क्लोरीन ॲक्टिव्ह झाला आणि मार्चमध्ये ऊन आल्यावर त्याने ओझोन खाल्ला. एप्रिलअखेर व्होर्टेक्स फुटला, बाहेरची हवा आत शिरली, भोक गेलं. बस्स. वातावरणावर नजर ठेवणाऱ्या युरोपच्या कोपर्निकस सेवेवाल्यांनी तेव्हाच सांगितलेलं की याचा लॉकडाऊनशी संबंध नाही, पण ते कोण फॉरवर्ड करणार!

आणि सीएफसी काय गाडीच्या धुरातून येत नाही, तो जुन्या फ्रिज-एसी-स्प्रेमधला गॅस, पन्नास ते शंभर वर्षं टिकतो, दोन महिन्यांत कुठे जाणार? खरी सुधारणा सीएफसीसारखे गॅस बंद करायच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे होतेय, तीही हळूहळू. त्याच २०२० मध्ये अंटार्क्टिकावर चांगलं मोठं भोक पडलं आणि डिसेंबर संपत आला तरी गेलं नव्हतं.